योसेफ नावाची चिठ्ठी

जे घडलं ते लिहायला बसले आहे खरी, पण ते नेमकं काय होतं हे मला आजही ठाऊक नाही. आमच्या चर्चमध्ये काही बहिणी साक्ष द्यायला उभ्या राहतात, तेव्हा किती खात्रीनं बोलतात. प्रभूनं असं केलं, प्रभूनं तसं केलं. मला त्यांचा हेवा वाटतो, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येतो. मी पंचवीस वर्षं एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. पुस्तक जागेवर आहे किंवा नाही, एवढंच मला कळतं. तिसरं काही असू शकतं हे मान्य करायला माझ्या स्वभावाला फार जड जातं. घरचे त्यावरून माझी थट्टाही करतात. तेव्हा वाचणाऱ्यानं माझ्याकडून खात्रीची अपेक्षा ठेवू नये.

माझे पती मागच्या उपवासकाळाच्या तोंडावर गेले. ज्या राखेच्या बुधवारी हा उपवासकाळ सुरू होतो, तो चार दिवसांवर होता. ते चिकलठाण्याला एका कारखान्यात स्टोअरला होते. आम्ही छावणीत राहतो. त्या दिवशी स्कूटर गॅरेजमध्ये होती म्हणून ते शेअर रिक्षानं निघाले. वाटेत छातीत कळ आली. कुण्या रिक्षावाल्यानं त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि तो निघून गेला. मला फोन आला तोवर सगळं संपलं होतं. मरणाऱ्याच्या कपाळाला फादर लावतात ते तेल नाही, कुणाची प्रार्थना नाही, घरचं एक माणूस जवळ नाही. शेवटच्या घटकेला ते काही बोलले का, घाबरले का, हे सांगणारं कुणी नव्हतं.

आता ती गोष्ट सांगते जी मी पापनिवेदनातही धडपणे सांगितली नव्हती. आमच्या घरात एक रीत आहे. बाहेर पडणाऱ्यानं दाराशी मान खाली करायची आणि घरात राहणाऱ्यानं त्याच्या कपाळावर अंगठ्यानं छोटा क्रूस काढायचा. सासरे गावोगाव फिरणारे धर्मशिक्षक होते, त्यांनी घालून दिलेली ही रीत. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी ती पाळत आले. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी तेही हुलकावणी देतं, हे या शहरातल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी पाण्याची पाळी होती. मोटर लावायचं काम यांचं, आणि हे विसरले. मी उठले तेव्हा नळ जाऊन तास झाला होता. सकाळभर मी त्यांना फैलावर घेतलं. निघताना त्यांनी नेहमीसारखी मान खाली केली, तर मी म्हणाले, "हात पिठाचे आहेत माझे. जा आता." हात खरंच पिठाचे होते. पण तसे ते शंभरदा असायचे, आणि मी पदराला पुसून क्रूस काढायची. ते हसले आणि गेले.

त्यानंतर मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जात राहिले, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत उभी राहिले नाही. लोकांना वाटलं दुःखानं खचली आहे. दुःख होतंच. पण त्याहून मोठा राग होता, देवावर आणि स्वतःवर, आणि दोन्ही रागांची इतकी सरमिसळ झाली होती की कुणावर रागावले आहे ते मलाच समजेना. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, मीही. एकाच घरात आम्ही दोघी, एक मुलगा गमावलेली आणि एक नवरा गमावलेली, पण वर्षभर यांच्याविषयी एक शब्द आम्ही एकमेकींशी बोललो नाही. भाजी काय करायची, गोळ्या घेतल्या का, एवढंच बोलणं. माझी लेक पुण्याहून फोन करायची तेव्हा आम्ही दोघी तिच्याशी बोलायचो, एकमेकींशी नाही.

नोव्हेंबर संपता संपता आगमनकाळ आला, नाताळाआधीचे चार आठवडे. आमचा गोतावळा मोठा आहे. चार भाऊ, दोन बहिणी, त्यांच्या सुना, जावई, नातवंडं मिळून सत्तावीस माणसं. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सगळे बाईंकडे, म्हणजे आमच्या घरी जमतात. हिरव्या फांद्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. त्यातली पहिली जांभळी पेटवायची, प्रार्थना करायची आणि मग चिठ्ठ्या काढायच्या. हीसुद्धा सासऱ्यांचीच रीत. ज्याच्या नावाची चिठ्ठी तुम्हाला येईल, तो नाताळापर्यंत तुमचा 'सोबती'. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची आणि रोज एक चांगलं काम करायचं, पण त्याला कळू द्यायचं नाही. कुणालाच सांगायचं नाही, चिठ्ठी बदलून घ्यायची नाही. स्वतःचीच आली तर मात्र परत टाकायची. नाताळाच्या जेवणाला ज्यानं त्यानं आपला सोबती उघड करायचा. चिठ्ठ्यांवर बाप्तिस्म्याची नावं असतात, घरातली हाकेची नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागे बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेली ती नावं वर्षानुवर्षं एका बिस्किटाच्या डब्यात राहतात. घरात नवं माणूस आलं की बाई चिठ्ठी वाढवतात. कुणी गेलं की त्याची चिठ्ठी त्याच फाडतात, आगमनकाळ सुरू होण्याआधी, एकट्या बसून.

त्या रविवारी मला काहीच नको होतं. स्वयंपाकघरात भांडी आवरत बसले होते. धाकटे दीर डबा घेऊन तिथंच आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्याशिवाय डबा पुढं सरकत नाही." मी ओल्या हातानं एक चिठ्ठी काढली, कमरेला खोचली, आणि सगळे गेल्यावर उघडली. तिच्यावर लिहिलं होतं, योसेफ.

आमच्या घरात योसेफ एकच होते, आणि ते फेब्रुवारीतच गेले होते.

मी आधी बाईंवर चिडले. म्हातारपणी विसरल्या असतील, फाडायची राहून गेली असेल. मग वाटलं, जाऊन सांगावं. पण सांगणार कसं? 'तुमच्या लेकाची चिठ्ठी फाडायची राहिली' हे वाक्य मी कितीदा मनात जुळवलं, पण तोंडातून बाहेर पडेना. बरं, गप्प बसावं तर चोवीस-पंचवीस दिवस मेलेल्या माणसाचं चांगलं काय करायचं? त्यांना चहा नेऊन देता येत नाही, त्यांची स्कूटर पुसून ठेवता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. पहिला आठवडा मी काहीही केलं नाही. रोज रात्री चिठ्ठी उघडायची, बघायची आणि ठेवून द्यायची, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात पापनिवेदनाला गेले. आमचे फादर वयानं माझ्या लेकीएवढे. त्यांना चिठ्ठीचं सांगितलं, क्रूसाचं अजूनही गाळलं. वाटलं होतं ते काहीतरी समजावून सांगतील, शास्त्रातला दाखला देतील. ते म्हणाले की असं कधी कुणी विचारलं नाही, त्यामुळे त्यांना माहीत नाही. मग म्हणाले, नियमात माणूस जिवंत असावा असं लिहिलंय का? मी नाही म्हटलं. मग करा, म्हणाले. मला ते उत्तर अजिबात आवडलं नाही. पण दुसरं उत्तर कुणाकडे नव्हतं.

म्हणून ते करायचे ती कामं मी करायला लागले. हे मला जमणारं होतं. बाळ येशूच्या गव्हाणीच्या देखाव्यासाठी ते वाटीत गहू पेरायचे, मी पेरले. शेजारच्या पेन्शनर काकांना ते पेपर वाचून दाखवायचे, मी आठवड्यातले तीन दिवस दाखवला. काकांनी माझ्या वाचनात चुका काढल्या. पाण्याच्या दिवशी मी गजर लावून उठले आणि मोटर लावली, आणि टाकी भरण्याचा आवाज ऐकत पायरीवर बसून खूप रडले. त्या रडण्याला प्रार्थना म्हणायचं का, हे मला सांगता येणार नाही. त्यात देवाचं नाव एकदाही आलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी, गुलाबी मेणबत्तीच्या दिवशी, आमच्याकडे सगळ्या जावा-नणंदा मिळून फराळ करतात. करंज्या, शंकरपाळी, चिवडा. हे दरवर्षी त्यातला एक डबा चिकलठाण्याला कारखान्याजवळच्या चहाच्या टपरीवर न्यायचे. तिथले चहावाले, रिक्षावाले, हमाल, सगळ्यांना वाटायचे. कुणाला सण कळायचा, कुणाला नाही, करंज्या सगळ्यांना कळायच्या. सोमवारी शाळेतून अर्धी रजा काढून मी डबा घेऊन गेले. जालना रोडवर शेअर रिक्षात बसण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. वाटेतला प्रत्येक सिग्नल बघत होते. इथं कळ आली असेल का, इथं?

टपरीवाल्यानं त्यांना ओळखलं, मला खुर्ची दिली. मी करंज्या वाटल्या. एक वयस्कर रिक्षावाले बाकावर बसले होते. पांढरी दाढी, शहागंजकडचे राहणारे, या टपरीवर नवे. करंजी हातात घेऊन त्यांनी विचारलं, कसला सण? मी सांगितलं, नाताळ येतोय, आमचे मिस्टर दरवर्षी आणायचे, यंदा ते नाहीत, याच रस्त्यावर रिक्षात त्यांना झटका आला. त्यांनी करंजी कागदावर ठेवली. माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहिलं. मग म्हणाले, बेटी, एक बात पूछनी थी, बहोत दिन से किसी को पूछनी थी.

त्यांचं बोलणं मला आठवतं तसं लिहिते. "मेरी गाडी में एक साहब बैठे थे. बाकी सवारी उतर गई थी. एकदम पसीना-पसीना हो गए. मैं गाडी बाजू में लिया, पीछे जा के उनको पकड के बैठा. उनो मेरा हात पकडे, मेरा अंगूठा खींच के अपने माथे पे ऐसा किए. आडा, खडा. मैं समझा पानी मांग रहे. नक्को बोले. फिर वैसा इच किए. तो मैं भी किया. दो-तीन बार किया. उनो शांत हो गए. फिर बोले, मोटर चालू करो, मोटर चालू करो. मैं गाडी चालू किया, दवाखाने ले गया. वो माथे का क्या था, बेटी?"

मी त्यांचा हात न धरता, हवेतच अंगठ्यानं करून दाखवलं. ते म्हणाले, हौ, यही.

इथंच हे लिखाण थांबवता आलं असतं तर मी त्या साक्ष देणाऱ्या बहिणींसारखी उभी राहिले असते. पण माझा स्वभाव. मी विचारलं, कपडे कुठले होते? ते म्हणाले, आस्मानी शर्ट. आमचे हे कंपनीच्या राखाडी गणवेशात गेले होते. दवाखान्यातून मला तोच गणवेश परत मिळाला. मोबाईलमधला फोटो दाखवला, तर म्हणाले, इतक्या दिवसांनी चेहरा सांगता येत नाही. मी विचारलं, कधीची गोष्ट? ते म्हणाले, रोजे चालू होते, पहाटेची सहेरी खाऊन निघालो होतो, हे पक्कं आठवतं. मी घरी येऊन मोबाईलमध्ये पाहिलं. हे गेले तेव्हा रोजे सुरू व्हायला अवकाश होता. दवाखाना कुठला, तर त्यांनी सांगितलेला दवाखाना तोच. पण त्या रस्त्यावरचा झटक्याचा प्रत्येक माणूस तिथंच नेतात. क्रूस? चिकलठाण्याला कामाला जाणारे ख्रिस्ती काय आम्हीच आहोत? आणि मोटर? मोटर म्हणजे रिक्षाच असणार, मरणाऱ्या माणसाला दवाखाना गाठायचा असतो. पण रिक्षाला मोटर कोण म्हणतं? त्या सकाळभर मी ज्या मोटरवरून बोलत होते ती मोटर त्यांच्या डोक्यात राहिली असेल, हा विचार आला की मला भरून यायचं, आणि पुढच्याच क्षणी तो आस्मानी शर्ट आठवायचा.

नाताळापर्यंतचे दिवस असेच गेले. सकाळी वाटायचं तेच होते, दुपारी वाटायचं नव्हते. त्या रिक्षावाल्या चाचांचं वय झालंय, तारखा आणि शर्ट चुकले असतील. की त्यांनी माझं दुःख पाहून मला हवं ते सांगितलं? पण मला हवं ते त्यांना कुठून ठाऊक? क्रूसाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी प्रभूला म्हणायची, होय तर होय सांग, नाही तर नाही सांग, एवढं तरी तुझ्या हातात आहे ना. उत्तर आलं नाही. तरीही एक फरक मला जाणवत होता. मी त्याच्याशी बोलत होते. वर्षभरानं पहिल्यांदा.

ख्रिस्तजन्माच्या मिस्सालाही मी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत गेले नाही. अजून पाय उचलत नव्हता.

नाताळाच्या दुपारी सत्तावीस पानं वाढली. मटणाचा रस्सा, वडे, फराळाची ताटं. जेवणं होत आली तशी सोबती उघड करायला सुरुवात झाली. धाकटे दीर आपल्या मोठ्या मेहुण्यांची गाडी महिनाभर गुपचूप धुवत होते, आणि मेहुण्यांना वाटत होतं की कॉलनीतला वॉचमन सुधारला. त्यावरून हसून हसून पोरांच्या पोटात दुखायला लागलं. माझी चिठ्ठी धाकट्या जावेला आली होती. माझ्या देव्हाऱ्यातली मेणबत्ती का संपत नाही, हे मला तेव्हा कळलं. एकेक नाव येत होतं, माझी पाळी जवळ येत होती. खोटं नाव सांगावं असं शेवटपर्यंत मनात होतं. पण कुठलंही नाव घेतलं तरी ते ज्याला खरंच आलं होतं तो बोललाच असता.

मी म्हणाले, "मला योसेफ आले."

हसणं थांबलं. दिरांनी मान खाली घातली. कुणीतरी पोरांना बाहेर पिटाळलं. मोठ्या नणंदेनं हळूच विचारलं की चिठ्ठी फाडली नव्हती का, आणि सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मग धाकटी जाऊ म्हणाली, थांबा, मग बाई कुणाला आल्या? आन्ना कुणाकडे आहे? आन्ना हे बाईंचं बाप्तिस्म्याचं नाव. सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या पुन्हा आठवून पाहिल्या. आन्ना कुणाकडेच नव्हती. सगळा आगमनकाळ आम्ही एकमेकांसाठी प्रार्थना करत होतो, आणि त्या म्हाताऱ्या बाईसाठी या घरातलं कुणीच करत नव्हतं.

बाई खुर्चीत बसल्या होत्या, पान तसंच. म्हणाल्या, "एक फाडली व्हती मी. त्याची अन् माझी, दोन्ही हातात घिऊन बसले व्हते लई येळ. मग डोळे मिटले अन् एक फाडली. कोणती फाडली ते बघितलं नाय. बघवलं नाय."

आता ती चूक होती की त्यांनी जाणून केलं, हे मी कधी विचारलं नाही. त्या बोलल्या तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घुमत होती. वर्षभर मी 'माझे पती, माझा क्रूस, माझं पाप' करत बसले होते, आणि माझ्यापासून चार पावलांवर त्यांची आई गोळ्या घेऊन झोपत होती.

त्यांनी मला जवळ बोलावलं. "त्याच्यासाठी काय काय केलंस ते सांग मला," म्हणाल्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. गहू, पेपर, मोटर. मग पिठाचे हातही सांगितले, सगळ्यांदेखत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग चाचांचं सांगितलं, आणि लगेच आस्मानी शर्ट आणि रोजेही सांगितले, कारण त्यांना खोटी आशा द्यायची नव्हती. म्हणाले, "बाई, ते हेच होते की दुसरं कुणी, मला कळत नाही. किती विचार केला तरी कळत नाही."

बाई म्हणाल्या, "माय, आपला नसंल तर दुसऱ्या कुण्या माउलीचा लेक असंल. त्याला तर कुणीतरी मिळालं नं?"

इतके दिवस मी त्या रिक्षात फक्त माझ्या नवऱ्याला शोधत होते. ते सापडले नाहीत तर ती रिक्षा माझ्या दृष्टीनं रिकामी होती. पण तिथं कुणीतरी घामाघूम होऊन बसलं होतं, आणि एका अनोळखी माणसानं, आपण काय करतो आहोत हेही न कळता, त्याला हवं होतं ते दिलं होतं. तो या माउलीचा लेक असो की त्या माउलीचा, देवानं त्याला एकटं सोडलं नव्हतं. मग माझ्या माणसाला सोडलं असेल असं मी कशावरून धरून चालले होते?

हे लिहिताना मला पुन्हा शंका येतात, लपवत नाही. कधी मला आस्मानी शर्ट दिसतो, कधी राखाडी. चाचांकडे मी पुन्हा एकदा गेले, पण काही तपासायला नाही. त्या खुणेचा अर्थ सांगायचा राहिला होता. आम्ही लेकराला देवाच्या हवाली करतो तेव्हा ही खूण करतो, असं सांगितलं. ते म्हणाले, मग बरोबरच केलं मी. मी म्हटलं, हो चाचा, बरोबरच केलंत. तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले.

नव्या वर्षाच्या पहिल्या मिस्साला बाईंचा हात धरून मी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहिले. खात्री झाली म्हणून नव्हे. खात्री नसतानाही त्याच्या हवाली होता येतं, एवढंच मला त्या आगमनकाळात उमगलं, आणि त्याबद्दल प्रभूचे किती आभार मानू ते कळत नाही. आता रोज रात्री बाई आणि मी एकत्र जपमाळ करतो. शेवटी त्या योसेफसाठी म्हणतात, आणि मी त्या रिक्षातल्या माणसासाठी, तो जो कुणी असेल त्याच्यासाठी.